दुसरीतल्या मुलासाठी घरीच शब्दखेळ बनवायचेत, सुरुवात कुठून करू?

पावसाळी_छत्री (ऐरोली)

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या. माझा मुलगा दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम. घरी आम्ही मराठीच बोलतो, गोष्टी ऐकायला त्याला भयंकर आवडतात, झोपताना दोन तरी लागतातच, पण स्वतः मराठी वाचायचं म्हटलं की गाडी अडते. मुळाक्षरं सगळी येतात. बाराखडी तर गाण्यासारखी म्हणून दाखवतो. पण मधलंच एखादं अक्षर काढून दाखवलं, समजा 'कू', तर ओठातल्या ओठात क का कि की करत तिथपर्यंत येतो आणि मग सांगतो. अख्खा शब्द समोर आला की पहिलं अक्षर बघायचं आणि सुचेल ते ठोकून द्यायचं. 'कागद' लिहिलं तर 'काका', 'मगर' लिहिलं तर 'मका'. नाही म्हटलं की दुसरा अंदाज, मग तिसरा, आणि शेवटी "तूच सांग ना आई".

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी पण संध्याकाळी इथेच असते, गावठाणात राहतात त्या. ती पालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे आणि तिचंही थोड्याफार फरकाने हेच. दोघांचं छान जमतं, म्हणून म्हटलं पाटी-पुस्तक घेऊन बसवण्यापेक्षा खेळच बनवावेत.

बाजारातून फ्लॅशकार्डचा सेट आणला होता, अ अननसाचा वाला, चकचकीत चित्रं. दोघंही चित्र बघून धडाधड नावं सांगतात, अक्षराकडे ढुंकूनही बघत नाहीत.

तर मला हे हवंय: कुठले शब्द घ्यायचे? काना मात्रा वेलांट्या सगळं एकदम आणायचं की एकेक? कार्डं हाताने लिहू की छापून घेऊ? आणि असा कुठला खेळ आहे का की ज्यात वाचल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही? ज्यांनी खरोखर मुलांबरोबर करून बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला वेळ आहे, पुठ्ठा आहे, कात्री आहे.

शाळेतली_बाई (ठाणे, वागळे इस्टेट)

पावसाळी ताई, तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारलाय ना, वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा खेळ, तिथेच सगळं आहे. मी पहिली-दुसरीच्याच वर्गांना शिकवते. बहुतेक "खेळ" म्हणजे आपण परीक्षाच घेत असतो, कार्ड दाखवायचं आणि विचारायचं हे काय आहे. मूल वाचतं ते आपल्याला दाखवायला. त्यापेक्षा चिठ्ठीत काहीतरी लिहिलंय आणि ते कळलं नाही तर माझाच डाव फुकट जाणार, असं झालं पाहिजे, मग बघा कसे डोळे फाडून वाचतात.

पण आधी मुलं कुठे आहेत ते बघून घ्या. 'प्रथम' नावाच्या संस्थेच्या 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीतली वाचन चाचणी आहे, 2005 पासून देशभर वापरतात, मराठीत आहे, नेटवर फुकट मिळते, एकच पान: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच मिनिटांत समजतं. तुमच्या वर्णनावरून दोघंही अक्षर आणि शब्द यांच्या मध्ये अडकलेली दिसतात. बाराखडी ओळीने येणं आणि 'कू' दिसल्या दिसल्या कू म्हणता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली तोंडाची सवय आहे, दुसरी डोळ्यांची.

आता शब्द. सगळी मुळाक्षरं घेऊ नका. सात अक्षरं घ्या: म क न ग र ल स. आणि एकच मात्रा, काना. बास. एवढ्यात किती शब्द बसतात बघा: नाक, कान, मान, गाल, मामा, काका, नाग, राग, लाल, काम, मगर, नगर, गरम, नरम, रस, नाका, नाला, मसाला, सासरा. वाक्यंसुद्धा होतात! "मामा कामाला लागला." "नाग सरसर सरकला." हे वाक्य मुलाने स्वतः वाचलं आणि त्याला हसू आलं की समजा काम झालं. सगळे शब्द त्याच्या तोंडातले आहेत, त्यामुळे न-ग-र असं अडखळत वाचलं तरी शेवटी कानाला ओळखीचं लागतं आणि तो स्वतःच "अरे नगर!" म्हणतो. हे फार महत्त्वाचं आहे कारण आपण शेवटच्या अक्षरातला अ बोलतच नाही, 'घर' लिहितो तेव्हा घ आणि र दोन्ही पूर्ण असतात पण बोलताना र तोडून टाकतो, आणि मूल सुटी अक्षरं म्हणतं तेव्हा "घअ-रअ" होतं, त्याचा 'घर' काही होत नाही. अनोळखी शब्द असेल तर तिथेच अडकतं. म्हणून क्षत्रिय आणि ऋषी त्या सेटमध्येच राहू द्या.

अंदाज ठोकायची सवय मोडायला जोड्या करा. नाक आणि नाग. कान आणि काम. गार आणि गाल. चित्र वेगळ्या कार्डावर, शब्द वेगळ्या कार्डावर, एकाच कार्डावर दोन्ही नको. नाक आणि नाग दोन्ही शब्द पुढ्यात ठेवायचे आणि चित्र एकाचंच द्यायचं. पहिल्या अक्षरावर भागतच नाही, शेवटपर्यंत बघावंच लागतं.

त्यात ह, त, व ही अक्षरं वाढवली की हुकमाच्या चिठ्ठ्या तयार होतात, माझ्या वर्गाचा सगळ्यात लाडका खेळ. डब्यात चिठ्ठ्या, एकाने उचलायची, मनात वाचायची, बोलायचं नाही, नुसतं करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं काय लिहिलंय. "हात वर कर." "मान हलव." "कानाला हात लाव." "काकाला हाक मार." यात काना सोडून एकही मात्रा नाही, बघा तपासून. च आला की "गरगर नाच", मग तर विचारूच नका. राजा-राणी-चोर-शिपाई पण खेळा, तिथेही चिठ्ठी वाचावीच लागते आणि कुणाला दाखवता येत नाही.

कान्यानंतर दुसरी वेलांटी, मग एक मात्रा, मग पहिला उकार, असं एकेक. पहिल्या वेलांटीला घाई नको, ती सगळ्यात दगाबाज, कारण लिहिताना अक्षराच्या आधी आणि बोलताना नंतर. त्यासाठी शर्टाच्या पॅकिंगचं पारदर्शक प्लास्टिक येतं ना ते कापा, त्यावर मार्करने फक्त वेलांटी काढा, कान्याचा एक तुकडा, उकाराचा एक, असे सगळे. पुठ्ठ्यावर 'क' लिहिलेला. आधी क ठेवायचा, म्हणायचा, मग वर वेलांटीचा तुकडा ठेवायचा आणि 'कि' म्हणायचं. हाताने ठेवताना मुलाला दिसतं की अक्षर आधी आलं, खूण त्याच्यावर चढली, ती कुठल्याही बाजूने चढो. तोच तुकडा उचलून म वर, मग र वर. बाराखडी अशी शिकली की ओळ म्हणायची गरज उरत नाही.

एक राहिलं. ताईंची मुलगी 'पाणी' वाचून "पानी" म्हणत असेल, 'डोळा'ला "डोला" म्हणत असेल तर थांबवू नका. घरची बोली आगरी असेल तर ण आणि ळ तसेच येतात. तिने शब्द बरोबर वाचलाय, अर्थ तिला कळलाय, उच्चार तिच्या घरचा आहे. मधेच टोकलं की मुलं वाचणंच बंद करतात, हे मी खूप वेळा बघितलंय. लिहायची वेळ येईल तेव्हा ण दाखवा, प्रेमाने.

स्लो_लोकल (कोपरखैरणे)

बाईंनी एवढं छान लिहिलंय की मी फक्त आमच्याकडे चालणारा एक खेळ टाकतो. लेकीला ट्रेनचं वेड, त्यामुळे ट्रान्स हार्बर लोकलची स्टेशनं. दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने रूळ काढायचे, स्टेशनांच्या पाट्या पुठ्ठ्याच्या, पिवळ्या कागदावर काळी अक्षरं, खऱ्या पाटीसारखी: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. आणि तिकिटं. तिकिटावर फक्त स्टेशनचं नाव. प्रवासी तिकीट काढतो, मोटरमनला देतो, मोटरमनने न बोलता गाडी बरोब्बर त्या पाटीपाशी थांबवायची, चुकीच्या स्टेशनला थांबली तर टीसी पकडणार. टीसी अर्थात मी.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत, नंतर लक्षात आलं की ती पहिलं अक्षर बघून चालवतेय. ऐ दिसला की ऐरोली, ठ दिसला की ठाणे, बाकी वाचायची गरजच काय. मग मी बाकीच्या लाइनी पण आणल्या. दिघा आहे, मग दिवा पण आणलं. ठाणे आणि ठाकुर्ली. वाशी आणि वाशिंद. कळवा आणि कल्याण. आता दिवा की दिघा हे दुसरं अक्षर वाचल्याशिवाय कळत नाही आणि वाशिंदला जायचं असताना गाडी वाशीला नेली तर प्रवासी भांडतात. बाई म्हणतात त्या नाक-नागसारखंच झालं हे.

नावं तोडून पण खेळतो, घ | ण | सो | ली असे तुकडे, आणि को | प | र | खै | र | णे हे सगळ्यात मोठं कोडं, ते जुळलं की घरात आरडाओरडा. टाळ्या वाजवत तोडायचं आधी, तोंडी, मग तुकडे जुळवायचे. तुर्भे जरा अवघड आहे त्या रफारामुळे पण आपल्याच लाइनीवरचं असल्याने ती ते चित्रासारखं ओळखते, चालतंय.

याचा फायदा असा की खेळ घराबाहेरही येतो. स्टेशनवर गेलो की पाटी वाचायची. आणि दुकानांच्या पाट्या, 2022 ला कायदा बदलल्यापासून मराठी नाव दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नाही अशा अक्षरात लावावंच लागतं, त्यामुळे वाशी सेक्टर 9 काय किंवा ठाण्याचा राम मारुती रोड काय, चालता चालता वाचायला भरपूर. फक्त सगळ्या पाट्या मुलांना झेपत नाहीत, अर्ध्या पाट्यांवर इंग्रजी नावं देवनागरीत असतात, 'एन्टरप्रायझेस' वगैरे, ती मोठ्यांनाही वाचवत नाहीत. मी आधीच ठरवून ठेवतो, आज फक्त चहा, दूध, वडापाव, दवाखाना शोधायचं. सापडलं की सांगायचं कुठल्या अक्षरावरून कळलं.

छपाईवाला (नौपाडा)

हाताने की छापून, यावर माझं मत, धंदाच तो आहे. खेळताना झिजणारी, रोज बदलणारी कार्डं हाताने लिहा. महिनोन्‌महिने वापरायची ती छापा. 300 जीएसएमचं जाड आर्ट कार्ड सांगा, ए4 वर आठ कार्डं बसतात, कापून पण देतात कुठेही. लॅमिनेशन करणार असाल तर मॅट करा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि मुलाला अक्षरच दिसत नाही. कोपरे गोल कापून घ्या, डोळ्याबिळ्याला लागायला नको.

फॉन्टकडे लक्ष द्या ही कळकळीची विनंती. कॉम्प्युटरवर आपोआप जो मंगल फॉन्ट येतो त्यात ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. आपल्याकडे पाकळीवाला ल आणि देठवाला श चालतो, 2009 च्या शासन निर्णयातही तेच आहे आणि बालभारतीच्या पुस्तकात मुलं तेच बघतात. मोठ्यांना फरक जाणवत नाही, पण जे पोर आत्ता ल ओळखायला शिकतंय त्याला पुस्तकात एक ल आणि कार्डावर दुसरा ल म्हणजे दोन वेगळी अक्षरं झाली. छापायच्या आधी 'लाल' आणि 'शाळा' टाइप करून बघा, बरोबर दिसलं तरच तो फॉन्ट घ्या. डिझायनर फॉन्ट, ज्यात शिरोरेघच नसते, ते लग्नपत्रिकेला ठेवा.

हाताने लिहिणार असाल तर शिरोरेघ जपून. घ ची रेघ अखंड, ध ची डावीकडे तुटलेली. म ची अखंड, भ ची तुटलेली. आपण मोठी माणसं लिहिताना शेवटी एकच रेघ सरळ ओढून देतो आणि धरण चं घरण होतं, भात चा मात होतो, आणि मग म्हणतो मुलगा गोंधळतो. ख सुद्धा खाली जोडलेला काढा, सुटा काढला की र आणि व दिसतो.

अजून एक सुचवतो, मात्रा लाल रंगात आणि अक्षर काळ्यात छापलं तर मुलांना लवकर कळेल का? एका क्लासवाल्यांनी तसं करून घेतलं होतं.

शाळेतली_बाई (ठाणे, वागळे इस्टेट)

शिरोरेघेचं लाखमोलाचं सांगितलंत दादा, उद्या वर्गात फळ्यावर स्वतःचंच अक्षर तपासते. रंगाबद्दल माझं मत वेगळं आहे. मात्रा लाल केली की मूल 'क' आणि 'काना' अशा दोन वस्तू बघतं, आणि आपल्याला तर 'का' हे एकच अक्षर एका नजरेत दिसायला हवंय. पुस्तकात लाल रंग नसतो, तिथे गेल्यावर पुन्हा अडतं. पारदर्शक तुकड्याची गंमत ही की तो बसला की एकजीव होतो. शिकवताना एकदा फळ्यावर रंगीत खडूने दाखवलं तर हरकत नाही, पण कार्डावर काळंच.

जुनं_ते_सोनं (डोंबिवली, पूर्वी ठाणे)

मला हे सगळं वाचून प्रामाणिकपणे वाटतं की आपण फार सोपं करून देतोय. आम्ही पाटीवर गमभन गिरवलं, रोज संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हटला, बाराखडी पाठ केली आणि वाचायला लागलो, कुणी कार्डं कापली नाहीत. पाठांतराला नावं ठेवू नका एवढंच. आज त्या पोराला बाराखडी येते म्हणून तर 'कू' पर्यंत पोचतो तरी.

शाळेतली_बाई (ठाणे, वागळे इस्टेट)

काका, पाठांतराचा फायदा आहेच, म्हणून तर तो स्वतःचं स्वतः शोधून काढतो, तुम्ही म्हणता ते अगदी खरं. फक्त तेवढ्यावर थांबायचं नाही. आणि गमभनबद्दल, तो क्रम आकारावरून आलाय, सारखी वळणं एकापाठोपाठ गिरवली की हात बसतो. लिहायला उत्तम. वाचायला मात्र भ आणि म एकदम आणले की दिसायला भाऊ-भाऊ, घोटाळा होणारच, म्हणून वाचनाच्या खेळात मी म आधी घेते आणि भ बराच नंतर. घ-ध, ब-व, प-ष, थ-य यांचंही तसंच, एकाची नीट ओळख झाली की मगच दुसरं. आणि तुमच्या वर्गातली जी मुलं वाचायला लागली नाहीत आणि शाळा सोडून गेली, ती आज इथे लिहायला नाहीयेत काका. मला त्यांचीच काळजी असते.

आजी_नेरुळ

मी बरीच वर्षं बालवाडी चालवली, आता गुडघ्यांमुळे घरीच असते. पुठ्ठा, लॅमिनेशन, आर्ट कार्ड सगळं ठीक आहे, पण ज्यांच्याकडे तेवढंही नाही त्यांच्यासाठी लिहिते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तो सगळा भाग 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आदिवासी वाड्यांतल्या पोरांसाठी परदेशी महागडं साहित्य आणणार कुठून, तर त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या, जे अंगणात मिळेल त्यातून साहित्य उभं केलं. मुलांना शाळेत यायला जमत नव्हतं तर शाळाच अंगणात नेली. आपण त्यातलं थोडं जरी घेतलं तरी खूप.

मी चिंचोक्यांनी अक्षर रचायला लावायची. जमिनीवर खडूने मोठा 'ग' काढायचा, त्याच्यावरून मुलाने चिंचोके लावत जायचं, जिथून हात लिहायला सुरू करतो तिथूनच सुरुवात. लावून झालं की त्या अक्षराने सुरू होणारी घरातली वस्तू शोधून आणायची आणि शेजारी ठेवायची. गाळणं आणलं, गहू आणले, एकाने गणपतीच आणला देव्हाऱ्यातून! बाटल्यांची झाकणं पण छान, एका झाकणावर एकच अक्षर, खिशात मावतात, धुता येतात. लंगडी घालत फरशीवरच्या अक्षरांवर उड्या मारत शब्द करायचा, मी 'मगर' म्हटलं की म वर, ग वर, र वर. चळवळी मुलं बसून शिकत नाहीत, उड्या मारून शिकतात.

आणि वेळेचं बघा. मूल "अजून एक डाव" म्हणतंय तेव्हाच आवरतं घ्या, कंटाळेपर्यंत ताणू नका.

अर्धा_कप (ठाणे पश्चिम)

स्पेशल एज्युकेटर म्हणून दोन ओळी. खेळ जरूर करा, पण आधी डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या, चष्म्याचा नंबर निघतो आणि आपण मुलाला आळशी म्हणत असतो. दुसरं, नियमित आणि नीट शिकवूनही काही महिन्यांत अक्षर-शब्द पुढे सरकतच नसेल, घरात कुणाला लहानपणी असाच त्रास असेल, तर तिसरीच्या म्हणजे आठ वर्षांच्या आसपास तपासणी करून घ्या. स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि परीक्षेत सवलती मिळतात. सायनच्या पालिका हॉस्पिटलात यासाठी क्लिनिक आहे. तुमच्या मुलाला ते आहे असं मी म्हणत नाहीये, पोस्टवरून तसं कुणीच सांगू नये. सरावाअभावी अडलेली मुलंच जास्त असतात.

पावसाळी_छत्री (ऐरोली)

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. डोळे तपासायची वेळ घेतली आहे. सात अक्षरांची झाकणं तयार झाली आणि काल हुकमाच्या चिठ्ठ्या खेळलो. "काकाला हाक मार" ही चिठ्ठी मुलाला आली, मनात वाचली, दोनदा वाचली, आणि गॅलरीत जाऊन खालच्या वॉचमन काकांना जोरात हाक मारली. ताईंची मुलगी लगेच म्हणाली "मला पन दे, मला पन चिट्टी", आणि तिने "मान हलव" माझ्या मुलापेक्षा पटकन वाचलं. तिची आई दारात उभी राहून बघत होती, तिला मी तीच झाकणं घरी न्यायला दिली.

शनिवारी रेल्वे लाइन काढणार आहोत, दोघांनाही मोटरमनच व्हायचंय त्यामुळे दोन गाड्या लागतील.

बाई, आता एकच विचारायचंय, जोडाक्षरं कधी? तिच्या तिसरीच्या पुस्तकात तर पानोपानी आहेत, ती तिथे येऊन थांबते. आणि वाचायला पुस्तकं कुठली देऊ?

शाळेतली_बाई (ठाणे, वागळे इस्टेट)

वॉचमन काकांना सांगा, आता रोज हाका येतील!

मुलासाठी जोडाक्षरं आत्ता नकोत, सगळ्या मात्रा फिरवून झाल्या की. मुलीला शाळेत लागतायत तर तिच्यासाठी सुरू करा, पण क्रमाने. आधी तेच अक्षर दुप्पट: हत्ती, किल्ला, गल्ली, चप्पल, दिल्ली, बिल्ला. तिला सांगा इथे जीभ जरा थांबते, "हत्‌-ती", टाळी दोनच पण पहिली जड. हे तोंडाला आधी कळलं पाहिजे. मग ज्या अक्षरांना उजवीकडे दांडी असते ती घ्या, स न म ग त, त्यांची दांडी गेली की ते अर्धं झालं आणि पुढच्याला चिकटलं: पुस्तक, म्हैस, ग्लास, गोष्ट. यासाठी कार्ड असं करा की 'स' ची दांडी पुठ्ठ्याच्या काठावर येईल, तेवढी पट्टी मागे दुमडता आली पाहिजे. दुमडली की अर्धा स, शेजारी 'त' चं कार्ड सरकवा, झाला 'स्त'. मुलं ती पट्टी दुमडत-उघडत बसतात, बसू द्या.

र सगळ्यात शेवटी कारण तो चार रूपं घेतो. सूर्य मध्ये डोक्यावर, चक्र मध्ये पोटात, ट्रक मध्ये पायाखाली टोपीसारखा, आणि दऱ्या, सुऱ्या यात तो आडव्या रेघेसारखा. प्रत्येकाचे थोडे थोडे शब्द, एका आठवड्यात एकच रूप. स्लो_लोकल दादांचं तुर्भे इथे कामाला येईल, सूर्याशेजारी लावा. क्ष आणि ज्ञ सरळ नवीन अक्षर म्हणूनच शिकवा, फोड करून सांगू नका.

पुस्तकांसाठी प्रथम बुक्सची 'स्टोरीवीवर' ही साइट बघा, 2015 पासून आहे, मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, डाउनलोड करून छापताही येतात आणि पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीपासूनच सुरू करा, मुलगी तिसरीत असली तरी. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं पण त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये आहेत. इंग्लिश मीडियमच्या मुलाला पहिलीचं मराठी पुस्तक द्यायला लाजू नका. आणि तो झोपताना ज्या गोष्टी ऐकतो त्या बंद करू नका हं, वाचायला लागला तरीही, शब्द तिथूनच येतात.

दोन गाड्या करताय तर एक काम करा, तिकिटं मुलांनाच लिहू द्या. चुकीचं लिहिलं तर मोटरमनच ओरडेल.